कार्डाची मागची बाजू

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तळमजल्यावर, जिन्याखालच्या कोपऱ्यात एक लांबट खोली होती. तिला सगळे रेकॉर्ड रूम म्हणत आणि ती सांभाळणाऱ्या बाईंना म्हणत कार्डताई. बाईंना आपलं खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू येई. पण त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती, कारण त्या खोलीत खरोखरच कार्डं होती. जाड पुठ्ठ्याची, पोस्टकार्डाहून थोडी मोठी, चार हजार दोनशे.

शहराच्या रस्त्यांखालून पाण्याचे नळ जातात, आणि ठरावीक अंतरावर ते बंद-चालू करायला व्हॉल्व्ह असतात. प्रत्येक व्हॉल्व्हचं एक कार्ड. पुढच्या बाजूला छापील रकाने : नंबर, रस्ता, नळाची जाडी, खोली, बसवल्याचं साल. कुठे नळ फुटला की मुकादम खिडकीशी येऊन नंबर सांगायचा, कार्डताई मिनिटभरात कार्ड काढून द्यायच्या, आणि काम झालं की कार्ड परत आपल्या जागी जायचं. पन्नास वर्षं हे असंच चाललेलं होतं, आणि कार्ड उलटून पाहायची वेळ कार्डताईंवर कधी आली नव्हती.

तीन महिन्यांपूर्वी ऑफिसात स्कॅनरचं मशीन आलं. सगळी कार्डं कॉम्प्युटरमध्ये घ्यायची, पोत्यांत भरायची आणि लगद्याच्या कारखान्यात धाडायची, असा वरून हुकूम झाला. मशीन आधी विचारी, एकच बाजू घेऊ की दोन्ही? दोन्ही घेतल्या तर वेळ दुप्पट लागायचा. कार्डताईंनी दाराजवळच्या खणातली, नव्या वस्त्यांची दोनशे कार्डं काढून एकेक उलटून पाहिली होती. सगळ्यांची मागची बाजू कोरी. मग त्यांनीच मशीनला सांगितलं, एकच बाजू. साहेब खूश झाले. ‘‘सहा महिन्यांचं काम तीन महिन्यांत! याला म्हणतात डोकं,’’ असं ते सगळ्यांसमोर म्हणाले, आणि कार्डताई त्या दिवशी घरी जाताना जरा ताठ चालत गेल्या.

चौदा पोती झाली. पहिली चार गेल्या आठवड्यात गेली. उरलेली दहा न्यायला आज लॉरी यायची होती.

साहेबांनी सकाळीच फॉर्म आणून ठेवला. ‘‘सर्व नोंदी पूर्ण घेतल्या आहेत, तपासल्या आहेत, मूळ कार्डं नष्ट करण्यास हरकत नाही,’’ आणि खाली सहीची जागा. सही करण्याआधी शंभरांत एक कार्ड काढून पडद्याशी ताडून पाहायचं, असा नियम. कार्डताई नियमाला पक्क्या होत्या. त्यांनी नवव्या पोत्याचं तोंड सोडलं, एक गठ्ठा काढला, त्यातलं एक कार्ड ओढलं. कोपर टेबलाला लागलं आणि कार्ड खाली पडलं.

पडलं ते पालथं.

उचलायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने, फिकट झालेल्या अक्षरांत लिहिलं होतं : झाकण जड, दोन माणसं लागतात. आत पाय ठेवायची पायरी तुटलेली आहे.

शब्दांच्या डोक्यावर रेघ नव्हती. अक्षरं दोरी काढून घेतलेल्या कपड्यांसारखी नुसतीच ओळीत उभी होती. असं लिहिणारा माणूस जगात एकच होता, आणि तो या वेळी कार्डताईंच्या घरात, खिडकीजवळच्या खुर्चीत, चष्मा शोधत बसलेला असणार. त्यांचे वडील. पस्तीस वर्षं ते याच ऑफिसात चावीवाले होते. खांद्यावर माणसाच्या उंचीची लोखंडी चावी टाकून गावभर हिंडायचं आणि व्हॉल्व्ह उघडायचे-बंद करायचे, हे त्यांचं काम.

कार्डताईंनी गठ्ठा सोडून एकेक कार्ड पालथं घालायला सुरुवात केली. कोरं. कोरं. ‘शेजारच्या म्हातारीला आधी सांगावे, नाहीतर बादली फेकते.’ कोरं. ‘जोडीचा व्हॉल्व्ह भिंतीआड आहे.’ आणि मग एक कार्ड, जे त्यांनी दोनदा वाचलं :

‘आटे उलटे. डावीकडे फिरवल्यावर बंद होतो.’

बाटलीचं झाकण उजवीकडे फिरवलं की घट्ट होतं. व्हॉल्व्हचंही तसंच. सगळे तसेच. पण कुठल्याशा जुन्या कारखान्यातून आलेले काही व्हॉल्व्ह उलट्या आट्यांचे होते, एवढं कार्डताईंनी लहानपणी जेवताना वडिलांकडून कधीतरी ऐकलं होतं. उलटा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना कोणी उजवीकडे फिरवला तर तो जरासा फिरतो आणि अडतो. अडला की फिरवणाऱ्याला वाटतं, बंद झाला. आणि आत मात्र पाणी पूर्ण जोराने वाहत असतं.

त्या धावत बाहेर आल्या. बाहेरच्या फळ्यावर रोज सकाळी मुकादम त्या दिवसाचं काम खडूने लिहून जाई. लिहिलं होतं : शाळेमागचं वळण. मोठा नळ, सांध्यातून गळती. व्हॉल्व्ह ८१२ बंद करून सांधा उघडणे.

आठशे बारा म्हणजे तिसरं पोतं. तिसरं पोतं गेल्या आठवड्यातच गेलं होतं, आणि एव्हाना त्याचा लगदा झाला असणार.

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मुकादमाची गॅंग साडेनऊला निघालेली. त्यांच्या हातात कार्ड नव्हतं, कॉम्प्युटरमधून काढलेला कागद होता. तो काल संध्याकाळी कार्डताईंनीच काढून दिला होता, छान पांढरा, आणि पुढची बाजू अगदी स्वच्छ.

मुकादमाला फोन लावला. वाजत राहिला. तो उचलणार नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. रस्त्याखालच्या चेंबरमध्ये उतरून दोन फोन पाण्यात घालवल्यापासून तो कामाच्या वेळी फोन गाडीतल्या हत्यारांच्या पेटीत ठेवी.

साहेब वरच्या मजल्यावर होते. कार्डताई एका दमात जिना चढल्या.

‘‘साहेब, गॅंग थांबवा. कार्डांच्या मागे लिहिलेलं आहे. आपण घेतलंच नाही.’’

‘‘कुठल्या कार्डांच्या?’’

‘‘बऱ्याच. आठशे बारा उलट्या आट्याचा असेल तर ते लोक वाहत्या नळाचा सांधा उघडतील. फिटर खाली असेल चेंबरमध्ये!’’

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ‘‘आठशे बाराच्या मागे तसं लिहिलं होतं?’’

‘‘ते कार्ड गेलं साहेब. गेल्या आठवड्यात.’’

‘‘म्हणजे तुम्ही पाहिलेलं नाही.’’

‘‘नाही.’’

‘‘कोरंही असेल.’’

‘‘असेल ना. तेच तर माहीत नाही!’’

‘‘बाई, मुकादमाचे केस याच कामात पांढरे झालेत. त्याला व्हॉल्व्ह बंद करता येत नाही असं मी आता पंपावर फोन करून सांगू? अर्ध्या गावाचं पाणी बंद करू, एक कार्ड खाली पडलं म्हणून?’’ मग आवाज जरा उतरवून म्हणाले, ‘‘आणि लॉरी आलीय. ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून गेला. आधी ती सही करा, मग बघू.’’

सहीचं नाव काढताच कार्डताईंना एकदम कळलं, आपण इथे उभं राहून वेळ घालवतोय. त्या खाली आल्या, रेकॉर्ड रूमला कुलूप घातलं, किल्ली मुठीत धरली आणि रस्त्याला लागल्या. मागून ड्रायव्हर ओरडत होता, ‘‘ओ ताई, पोती आत राहिली की!’’

शाळेमागचं वळण पायी वीस मिनिटांवर, पळत दहा-बारा. कार्डताई पन्नाशीच्या. शाळा सुटल्यापासून त्या पळाल्या नव्हत्या. पळता पळताच त्यांनी घरी फोन लावला.

आईने उचलला. ‘‘काय गं? डबा विसरलीस का?’’

‘‘बाबांना दे. लवकर दे.’’

‘‘ते चष्मा शोधतायत. कपाळावर आहे, पण मी सांगणार नाहीये. सकाळी मला म्हणाले, तूच लपवलास.’’

‘‘आई, दे गं!’’

मुलीचा तो आवाज ऐकून आईने फोन दिला. मग वडिलांचा घोगरा, सावकाश आवाज आला. ‘‘बोल.’’

‘‘बाबा, आठशे बारा नंबरचा व्हॉल्व्ह. उलटा की सुलटा?’’

‘‘नंबर तुझ्या कपाटाला. मला जागा सांग.’’

‘‘शाळेच्या मागे, वळणावर.’’

‘‘कोणती शाळा?’’

‘‘नवी. पिवळी. दोन मजली.’’

‘‘तिकडे शाळा नाही.’’

गेल्या वर्षभरात वडील असं पुष्कळदा म्हणू लागले होते. ‘हे दार इथे नव्हतं.’ ‘ही बाई कोण आलीय?’ त्यावर घरात कोणी वाद घालायचा नाही, असं ठरलं होतं. पण आता वाद घालण्याइतकाही वेळ नव्हता.

‘‘बाबा, शाळेच्या आधी तिथे काय होतं ते आठवा. तळ्याकडून चढाने वर आलं की डावीकडचं पहिलं वळण.’’

खुर्ची सरकल्याचा आवाज. मग लांबून आई म्हणाली, ‘‘अगं, हे उठले. डोळे मिटून खोलीत चालतायत. अहो, टेबल आहे समोर!’’

‘‘चढ संपला,’’ वडील म्हणाले. ‘‘डावीकडे लाकडाची वखार. ओल्या भुशाचा वास. वखारीच्या फाटकासमोर झाकण.’’

‘‘हो, तेच असेल. तो उलटा का?’’

‘‘थांब. त्या बाजूला उलटा एकच. वखारीचा, नाहीतर पुढचा, पिठाच्या गिरणीपाशी. दोघांतला एक.’’

‘‘कोणता?’’

आता कार्डताईंना दम लागला होता. एका हाताने त्या कंपाउंडच्या भिंतीचा आधार घेत चालत होत्या. चढ सुरू झाला होता.

‘‘कोणता, बाबा?’’

‘‘नक्की आठवत नाही,’’ वडील म्हणाले. ‘‘म्हणून तर लिहून ठेवलं होतं. मागे.’’

ते रागाने बोलले नव्हते. पण कार्डताईंना वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

‘‘अंदाजाने सांगा ना.’’

‘‘नाही. खाली माणूस आहे ना? मग अंदाज नाही.’’ थोडं थांबून ते म्हणाले, ‘‘चावी व्हॉल्व्हवर लावून वरच्या टोकाला कान लाव. बंद असेल तर लोखंड मुकं असतं. पाणी चालू असेल तर बोलतं. ते मला विचारायची गरज नाही.’’

वळण आलं. पिवळी शाळा, मागे ऑफिसची गाडी, रस्त्यावर दोन उघडी झाकणं. एका खड्ड्यात व्हॉल्व्ह, त्यावर उभी लोखंडी चावी, तिच्या दांड्याला रेलून मुकादम. दहा पावलांवर मोठं चेंबर, आणि त्यातून पान्याचा ठक् ठक् आवाज.

‘‘कार्डताई!’’ मुकादम हसला. ‘‘आज खोलीला ऊन दाखवायला आणलं की काय?’’

‘‘थांबवा त्याला. वर घ्या.’’

‘‘काय झालं?’’

‘‘व्हॉल्व्ह बंद झाला का?’’

‘‘बंदच होता बहुतेक. गळती दिसल्यावर कोणीतरी आधीच आवळून ठेवला असावा. उजवीकडे अर्धा फेरा गेला आणि अडला. दोघांनी जोर लावून पाहिला, हलत नाही.’’

कार्डताई चेंबरकडे धावल्या. त्यांनी चेंबरमध्ये डोकावून पाहिलं. दोन पुरुष खोल, घोट्याएवढ्या पाण्यात फिटर वाकून उभा होता. सगळे त्याला पाणकोंबडा म्हणत, कारण तो वर्षातले निम्मे दिवस ओलाच असे. समोर मांडीएवढ्या जाडीचा नळ, आणि त्याच्या सांध्याला गोलाकार आठ नटबोल्ट.

‘‘किती नट काढलेस?’’

‘‘पाच ढिले केले, ताई. तीन राहिले. खाली या, एक तुमच्यासाठी ठेवतो!’’

‘‘वर ये. आत्ता वर ये!’’

‘‘अहो, पण झालं काय?’’ मुकादमाचा स्वर आता बदलला होता. आपल्या गॅंगला खिडकीमागच्या बाईंनी हुकूम द्यावा, हे त्याला रुचलं नव्हतं. ‘‘तुमच्याच कागदावर काम करतोय ना? त्यात कुठे काय लिहिलंय? सांधा थोडा गळतोय, ते नळात साचलेलं पाणी. उतरेल दहा मिनिटांत.’’

‘‘कागद अपुरा आहे. मी अपुरा काढला. माझी चूक आहे.’’

एवढ्यात त्यांच्या हातातला फोन बोलला. तो चालूच राहिला होता. ‘‘मुकादम आहे का तिथे? त्याला म्हणावं, माणूस आधी वर, मग भांडण.’’

मुकादमाने तो आवाज ओळखला. वीस वर्षांपूर्वी तो याच आवाजामागून चावी वाहत फिरला होता. तो चटकन सरळ उभा राहिला, जणू म्हातारा समोरच आलाय. ‘‘उस्ताद, तुम्ही?’’

‘‘कान लाव चावीला.’’

मुकादमाने टोपी काढली, दांड्याच्या टोकाला कान टेकवला आणि डोळे मिटले. कार्डताई त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. शाळेत कुठलातरी वर्ग एका सुरात पाढे म्हणत होता. मुकादमाने कान आणखी दाबून धरला.

‘‘बोलतंय,’’ तो पुटपुटला. मग वळून ओरडला, ‘‘वर ये! पाना टाक तिथेच आणि वर ये!’’

फिटर शिडीवरून वर आला, काठावर बसला. पाय अजून आत लोंबत होते, ते त्याने पटकन ओढून घेतले.

मुकादमाने आणि गॅंगमधल्या दुसऱ्या माणसाने चावी डावीकडे रेटली. आधी हलेना. मग करकरली, आणि फिरली. मुकादम मोठ्याने मोजू लागला. दहा झाले, पंधरा झाले, तरी फिरतच होती. अठराव्या फेऱ्याला सांध्यातली गळती बारीक झाली. विसाव्याला थेंब. चोविसाव्याला चावी अडली. मुकादमाने पुन्हा कान लावला. या वेळी बराच वेळ.

‘‘मुका,’’ तो म्हणाला.

‘‘किती फेरे?’’ फोनमधून प्रश्न आला.

‘‘चोवीस, उस्ताद.’’

‘‘मग वखारीचाच. गिरणीचा अठ्ठावीसला अडतो,’’ वडील समाधानाने म्हणाले, आणि मागून आई म्हणाली, ‘‘आता तरी बसा खाली.’’

फिटर चेंबरमधल्या त्या पाच नटांकडे बघत होता. शेवटी म्हणाला, ‘‘ताई, आणखी तीनच राहिले होते.’’

‘‘हो,’’ कार्डताई म्हणाल्या. त्या फुटपाथवर बसल्या. किल्ली अजून मुठीत होती. तिचे दाते तळहातावर उमटले होते.

ऑफिसात परतल्या तेव्हा लॉरी रिकामीच निघून गेली होती. साहेब कुलुपासमोर फॉर्म घेऊन उभे होते. मुकादमाचा फोन येऊन गेला असावा, कारण कुठे होतात, असं त्यांनी विचारलं नाही. नुसता फॉर्म पुढे करून म्हणाले, ‘‘याचं काय करायचं?’’

कार्डताईंनी तो भिंतीला टेकवला आणि सहीच्या जागेवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं : मागची बाजू घेतलेली नाही. निर्णय माझा होता. चार पोती नष्ट झाली आहेत, त्यातल्या बाराशे कार्डांची मागची नोंद आता नाही. बाकीची दहा पोती देऊ नयेत. त्याखाली सही केली आणि तारीख घातली.

‘‘हे वर पाठवावं लागेल,’’ साहेब म्हणाले. ‘‘तुमची चौकशी होईल. माझीही होईल.’’

‘‘पाठवा. आणि साहेब, त्या बाराशे नंबरांचा कागद कोणाच्या हाती जाण्याआधी त्यावर ‘अपुरा’ असा शिक्का हवा. आजच.’’

त्या संध्याकाळी कार्डताई बाराशे नंबरांची यादी घेऊन घरी गेल्या. वडील खिडकीजवळ बसले होते, चष्मा जागेवर होता. कार्डताईंनी स्टूल ओढलं, लाल पेन काढलं.

‘‘बाबा, नंबर नाही विचारत. जागा सांगते. जुन्या दवाखान्याचं मागचं दार.’’

त्यांनी डोळे मिटले. दोन्ही हात हवेत उचलले, जणू मधे चावी उभी आहे, आणि मनगटं उजवीकडे वळली. ‘‘सुलटा. पण झाकणाखाली पाणी साचतं. काठीने पाहून मग उतरावं.’’

कार्डताईंनी लिहून घेतलं.

‘‘त्याच्या पुढचा. छापखान्याच्या कोपऱ्यावरचा.’’

मनगटं डावीकडे वळली. तेही लिहिलं.

‘‘त्याच्या पुढचा. उंच टाकीच्या पायथ्याशी.’’

हात उचलले गेले आणि हवेत तसेच थांबले. कार्डताई वाट पाहत राहिल्या. आई दारात येऊन उभी राहिली, काहीतरी बोलणार होती, पण लेकीने बोट ओठांवर ठेवलं. हात जरा उजवीकडे गेले, थबकले, परत मधे आले. मग वडिलांनी ते मांडीवर ठेवले आणि डोळे उघडले.

‘‘नाही आठवत,’’ ते म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती होती, सकाळी नव्हती तशी. ‘‘सांगू का काहीतरी? बहुधा उजवा असेल.’’

‘‘नको. नाही आठवत, तर तेच लिहिते.’’

त्यांनी त्या नंबरापुढे लाल अक्षरांत लिहिलं : मागची नोंद हरवली. आधी चावीला कान लावावा.

मग पान वडिलांपुढे धरलं. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, एकेक अक्षर वाचलं आणि मान हलवली.

‘‘पुढचा सांग,’’ ते म्हणाले.